मुलाच्या उपचारांसाठी पुण्यात फ्लॅट घ्यावा का? कराडच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. आधी बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई कराडच्या, मुलगा साडेसोळा वर्षांचा, ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही, सर्टिफिकेटवर ७५ टक्के, शिवाय फिट्सची गोळी चालू. मिस्टर ४७ वर्षांचे, प्रायव्हेट नोकरी, हातात ६२ हजार येतात. ताई घरी शिकवणी घेतात, त्याचे आठ-दहा हजार. मुलगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. दर पंधरा दिवसांनी मुलाला घेऊन पुण्याला, गाडी-डॉक्टर-थेरपी-खाणं धरून एका फेरीला साडेपाच हजार जातात. आता वडिलांकडच्या जमिनीच्या विक्रीतून ताईंच्या वाट्याला १८ लाख आलेत आणि भाऊ म्हणतोय की पुण्यात ५२ लाखांचा फ्लॅट घे, हॉस्पिटलं जवळ, थेरपी सेंटर जवळ, पोराचं कल्याण होईल. तिकडे एक एजंट म्हणतोय मुलाच्या नावाने पॉलिसी काढा, टॅक्स वाचेल.

माझं मत सरळ सांगतो: फ्लॅट आत्ता नको, आणि पॉलिसी तर नकोच.

फ्लॅटचा हिशोब कागदावर मांडू. तुमच्या नावावर घेतला तरी पुण्यात स्टॅम्प ड्युटी ६ टक्के, म्हणजे ३ लाख १२ हजार, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार. १८ मधून साडेतीन गेले की डाउन पेमेंटला उरले साडेचौदा, म्हणजे कर्ज साडेसदतीस लाख. मिस्टर साठीला रिटायर होणार म्हणजे १३ वर्षंच मिळतात, साडेआठ टक्क्यांनी हप्ता येतो साधारण ३९,८०० रुपये. बासष्ट हजारांतून हे गेले की राहिले बावीस. त्यात मुलीचं शिक्षण, मुलाच्या गोळ्या, आणि थेरपीची फी तर फ्लॅट घेतला म्हणून माफ होणार नाहीये, उलट जवळ आहे म्हणून आठवड्याला तीन सेशन सुरू होतील. सध्या तुमच्या फेऱ्यांना महिन्याला अकरा हजार जातात. अकरा हजारांचा त्रास वाचवायला चाळीस हजारांचा हप्ता, आणि बँक एवढ्या पगारावर एवढं कर्ज देईल का हाही प्रश्नच आहे, बिल्डरचा माणूस "होऊन जाईल मॅडम" म्हणतो ते त्याला फ्लॅट विकायचाय म्हणून.

आणि एक गोष्ट तुमच्या मेलमध्ये नाहीच. मिस्टरांची नोकरी कराडला आहे ना? मग पुण्याला राहणार कोण? तुम्ही आणि मुलगा. म्हणजे दोन चुली, तुमची शिकवणी बंद, आणि रात्री बारा वाजता मुलाला फिट आली तर सोबत कोणी नाही. कराडला शेजारी तुमच्या मुलाला ओळखतात, तो एकटा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येतो असं तुम्हीच लिहिलंय. हे पुण्यातल्या सातव्या मजल्यावर परत शून्यापासून उभं करावं लागेल आणि त्याची किंमत कुठल्याच एक्सेलमध्ये येत नाही.

भावाचं म्हणणं चुकीचं नाही हो, सोयी शहरातच आहेत हे खरंच आहे आणि ते अन्यायाचंच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ म्हणतं की उपचार जवळपास मिळाले पाहिजेत, विशेषतः खेड्यापाड्यात, आणि दवाखान्यात अशा व्यक्तीला प्राधान्य मिळालं पाहिजे. प्रत्यक्षात तुम्ही चाळीस नंबरचं टोकन घेऊन अडीच तास बसता आणि पोरगं ट्यूबलाइटच्या बारीक आवाजाने कानावर हात ठेवून ओरडायला लागलं की आजूबाजूचे तुमच्याकडे बघतात. पुढच्या वेळी अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की दिव्यांग मुलगा आहे, पहिला किंवा शेवटचा नंबर द्या, आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पुढे करा. बऱ्याच ठिकाणी ऐकतात. नाही ऐकलं तर कलमाचा नंबर सांगा, लाजू नका.

आता तुमच्या मेलमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग. मुलगा तीन आठवडे गालावर बुक्क्या मारत होता, दोन डॉक्टरांनी "बिहेवियर आहे, ऑटिझममध्ये होतं" म्हणून गोळी वाढवली, आणि शेवटी निघाली किडलेली दाढ, पार मुळापर्यंत. भूल देऊन काढावी लागली, ४८ हजार, क्लेम शून्य. जे काही होईल ते अपंगत्वाच्या खात्यावर टाकायचं आणि पोट, दात, कान बघायचेच नाहीत, हे अशा मुलांच्या बाबतीत जगभर होतं, आणि ते पुण्यात राहूनही होतं. त्यावरचा पहिला उपाय फुकट आहे: एका पानावर लिहून ठेवा, कुठल्या गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी, दुखलं की हा काय करतो, कशाने शांत होतो, सुई टोचायच्या आधी काय करावं लागतं. दोन कॉपी, एक गाडीत, एक मिस्टरांच्या पाकिटात. दुसरा उपाय पैशाचा, तिकडे येतो.

इन्शुरन्स. तुम्ही लिहिलंय की दोन कंपन्यांनी मुलाला फॅमिली पॉलिसीत घ्यायला नकार दिला, तोंडी. तोंडी नकार घेऊच नका. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळ्या जनरल आणि हेल्थ कंपन्यांना सांगितलंय की दिव्यांग व्यक्तींसाठी प्रॉडक्ट ठेवलंच पाहिजे. तेव्हा प्रपोजल फॉर्म भरून द्या, नकार लेखी मागा, मग बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार, तिथेही समाधान नाही झालं तर इन्शुरन्स ओंबड्समन (विमा लोकपाल), ज्यांचं एक ऑफिस पुण्यातच आहे. आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) आता जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे आज घेतली तर साडेएकोणीसपर्यंत तो संपतो. फॉर्ममध्ये फिट्स लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच बाहेर काढतात.

त्याच्या आधी निरामय. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची आरोग्य विम्याची स्कीम आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी, वर्षाला १ लाखाचं कव्हर, मेडिकल टेस्ट नाही, वयाची अट नाही, आधीचं सगळं चालतं. फी काहीशे रुपये. मुख्य म्हणजे ओपीडी आणि थेरपीचे पैसेसुद्धा मर्यादेत मिळतात, दाताच्या प्राथमिक तपासणीचाही त्यात समावेश आहे, जे मोठ्या पॉलिसीत सहसा नसतं. कॅशलेस नाही, आधी खर्च करा मग बिलं पाठवा, आणि दरवर्षी रिन्यू करायचं लक्षात ठेवा, लोक तिथेच चुकतात. पंधरा दिवसांच्या प्रत्येक फेरीची पक्की बिलं घ्यायला आजपासून लागा. अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, रेशन कार्ड आणि आधारमधली नावं जुळतात का ते आत्ताच बघून ठेवा, अ‍ॅडमिशनच्या रात्री नको.

पॉलिसीवाल्या एजंटबद्दल एकच परिच्छेद, त्याहून जास्त लायकीचा विषय नाही. तो म्हणतो ८०डीडीमध्ये, म्हणजे दिव्यांग नातेवाइकासाठीच्या इन्कम टॅक्स वजावटीत, टॅक्स वाचेल. एक तर ८०डीडीची ७५ हजारांची वजावट (८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सव्वा लाख) ठरावीक आहे, मुलावर खर्च होत असला की पूर्ण मिळते, पॉलिसी काढायची गरज नाही. दुसरं, ती फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत मिळते. मिस्टरांच्या पगाराला नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या रिबेटमुळे टॅक्सच शून्य आहे, मग वाचवणार काय? मिस्टरांचा साधा टर्म प्लॅन मात्र घ्या, एक कोटीचा, साठीपर्यंतचा, कारण सध्या या घरात एकच पगार आहे.

१८ लाखांचं मी असं करेन. पण थांबा, जमीन गावातली शेती असेल तर कॅपिटल गेनचा (विक्रीच्या नफ्यावरच्या टॅक्सचा) प्रश्न नाही, बिगरशेती असेल तर पैसे हलवायच्या आधी सीएला भेटा, कारण तेव्हा घर घेण्यात टॅक्सचा फायदा निघू शकतो आणि माझा हिशोब थोडा बदलतो. बदलून बदलून किती बदलेल, तर चाळीस हजारांचा हप्ता झेपण्याएवढा नाहीच, पण विचारून घ्या. तर, ३ लाख तुमच्या नावाने स्वीप एफडीत (लागतील तेव्हा पैसे काढता येतात), हा फक्त मुलाचा औषधपाण्याचा फंड, पुढची दाढ, पुढचा एमआरआय यातून. १ लाख पुण्याच्या प्रयोगासाठी. उरलेले १४ लाख निम्मे इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड) दीड-दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने, निम्मे एफडी आणि डेट फंडात, आणि याला मिस्टर रिटायर होईपर्यंत हात नाही. सरासरी ८ टक्के धरले तर १३ वर्षांनी ३८ लाखांच्या आसपास होतात, गॅरंटी नाही, महागाई खाईल ती वेगळी, पण हे पैसे मुलाला महिन्याच्या महिन्याला लागणार आहेत आणि फ्लॅटची एक खोली तोडून थेरपिस्टला देता येत नाही.

पुण्याचा प्रयोग म्हणजे काय, तर सुट्टीत दोन-तीन महिने भाड्याने राहून बघा. रोजचं थेरपी सेंटर खरंच मानवतं का, मुलगा झोपतो का, तुम्ही झोपता का. आणि तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा की साडेसोळाव्या वर्षी याला काय हवंय, अजून थेरपी सेशन की स्वतःची आंघोळ, पैसे ओळखणं, एखादं काम शिकणं. लहान वयात मिळालेल्या थेरपीचा जो फायदा असतो तो धरून सेंटरवाले सोळाव्या वर्षीही पॅकेज विकतात, मी डॉक्टर नाही पण पॅकेज कळतं मला. नवी मुंबईत एनआयईपीआयडी या बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं रिजनल सेंटर आहे, सरकारी आहे, तिथे एकदा पूर्ण मूल्यमापन करून घ्या. त्यांनी घरी करायचा कार्यक्रम लिहून दिला की कराडच्याच एखाद्या फिजिओ किंवा स्पेशल टीचरकडून तो चालवता येतो, मग पुणे महिन्यातून एकदा, मधला फॉलोअप व्हिडिओ कॉलवर. रेल्वेत बौद्धिक अक्षमतेच्या प्रवाशाला आणि सोबतच्या माणसालाही स्लीपर, थर्ड एसीला ७५ टक्के सवलत आहे, ती घेताय का?

आता दीड वर्षावर आलेली गोष्ट. मुलगा १८ चा झाला की कायद्याने तुम्ही त्याचे आपोआप पालक राहत नाही. ऑपरेशनच्या कागदावर सही कोणाची, बँक खातं कोण चालवणार, सगळीकडे अडतं. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती असते, कलेक्टर अध्यक्ष, तुमची साताऱ्याला. तिथून पालकत्वाचं सर्टिफिकेट काढायचं, रिझर्व्ह बँकेनेही बँकांना हे सर्टिफिकेट मानायला सांगितलंय. वाढदिवस झाला की लगेच अर्ज टाका, कागद आत्तापासून गोळा करा.

आणि मुलाला कशातही सरळ नॉमिनी करू नका. दोघांनी मृत्युपत्रं करा, त्यात लिहा की तुमच्या मागे सगळं एका ट्रस्टमध्ये जाईल, लाभार्थी मुलगा, ट्रस्टी दोघं, त्यातली एक मुलगी चालेल पण एकटी नको. "ताई बघेल त्याला", म्हणजे त्याची बहीण, असं तुम्ही लिहिलंय. बघेलही, पण तिला विचारलंत का? बीकॉम झाल्यावर तिला बेंगलोरला जायचं असेल तर? तिच्या नावावर सगळे पैसे ठेवले तर उद्या तिच्या संसारातल्या अडचणीत ते अडकतील, दोघांनाही जड जाईल. ट्रस्टचा मसुदा वकिलाकडूनच करा, नेटवरून उतरवू नका.

बिल्डरला टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर पावतीवर रिफंडबद्दल काय लिहिलंय त्याचा फोटो पाठवा. आणि मिस्टरांना एचआरला एक प्रश्न विचारायला सांगा: कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये दिव्यांग मुलाला वयाची मर्यादा लागू आहे का. काही कंपन्यांत नसते. ते उत्तर आलं की प्रायव्हेट पॉलिसी किती रकमेची घ्यायची ते ठरवू.