दहा वर्षं झाली म्हणून आरक्षण उठत नाही

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या हद्दीत आमची वडिलोपार्जित १४ गुंठे जागा आहे. २००४ च्या सुमारास मंजूर झालेल्या विकास आराखड्यात त्यातल्या ९ गुंठ्यांवर ‘प्राथमिक शाळा व खेळाचे मैदान’ असे आरक्षण पडले. पालिकेने आजवर ना जागा घेतली, ना मोबदला दिला. वडिलांनी २०१६ मध्ये आरक्षण उठवण्यासाठी मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता, त्याला उत्तर आले नाही. २०१९ मध्ये वडील वारले. आता घराची परवानगी मागितली तर आरक्षणाचे कारण देऊन नाकारली. दहा वर्षांनी आरक्षण रद्द होते ना? सुधारित आराखडा शासनाकडे मंजुरीला गेला आहे. त्यात आरक्षण उठेल, तोवर थांबा, असे आमचे नगरसेवक म्हणतात. थांबावे का?

उत्तर : थांबू नका. बाकीचं सगळं नंतर.

असं पत्र दर महिन्याला एखादं येतंच. गाव बदलतं, गुंठे बदलतात, शाळेच्या जागी बगीचा किंवा भाजी मंडई असते, पण ‘दहा वर्षं झाली ना?’ हे वाक्य ठरलेलं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ मध्ये दहा वर्षं लिहिली आहेत, हे खरं. पण ती संपली की आरक्षण पडत नाही. ती संपली की तुम्हाला नोटीस देण्याचा हक्क मिळतो, एवढंच. नोटीस बजावल्यापासून २४ महिन्यांत जागा संपादन झाली नाही किंवा संपादनाचं पाऊल उचललं गेलं नाही, तर आरक्षण व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं, असं कायदा मानतो. ही मुदत आधी ६ महिने होती, मग १२ झाली, ऑगस्ट २०१५ पासून २४ झाली. मालक गप्प बसले की मुदती अशा वाढतात.

आता तुमच्या प्रकरणाचा जीव जिथे अडकलाय तिथे येतो. जुन्या आराखड्याची दहा वर्षं उलटली, मालकाने नोटीस दिली नाही, आणि मध्येच कलम ३८ खालचा सुधारित आराखडा अमलात आला, तर काय? सर्वोच्च न्यायालयाने प्रफुल्ल दवे प्रकरणात याचं उत्तर दिलंय : मागची वर्षं गेली. सुधारित आराखड्यात आरक्षण कायम असेल, तर दहा वर्षं तिथून पुन्हा मोजायची. म्हणजे तुम्ही नगरसेवकांचं ऐकून थांबलात, आराखडा मंजूर झाला आणि शाळा जागच्या जागी राहिली, तर पुढची नोटीस तुमची मुलं देतील.

नगरसेवक कशाच्या भरवशावर बोलताहेत ते त्यांनाच विचारा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा हरकती घ्यायला मुदत होती, नियोजन समितीपुढे सुनावणी होती. तुमच्या पत्रात हरकतीचा शब्द नाही, म्हणजे घेतली नसणार. शासनाने मोठे फेरबदल सुचवले तर त्यांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात, तेवढी एक खिडकी उरली आहे. तिच्यावर विसंबू नका.

वडिलांच्या २०१६ च्या अर्जाचं काय? त्यात कलमाचा उल्लेख होता का, सोबत मालकीची कागदपत्रं जोडली होती का, पोच आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिन्ही असतील तर तीच कलम १२७ ची नोटीस होती आणि २४ महिने २०१८ मध्येच भरले, असं म्हणता येईल आणि प्रकरण वेगळ्याच वाटेने जाईल. नुसतं ‘कृपया आरक्षण उठवावे, ही विनंती’ असेल, तर मी त्यावर पैज लावणार नाही. आधी तो अर्ज शोधा. सापडला नाही तर माहिती अधिकारात आवक नोंदवहीचा उतारा मागा. पण त्याची वाट पाहत नोटीस अडवून ठेवू नका. जुन्या अर्जावरचा हक्क राखून नवी नोटीस देता येते, तसं तिच्यात स्पष्ट लिहून घ्या.

नोटिसीसोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, वारस नोंदीचा फेरफार, मोजणी नकाशा, झोन दाखला (जागा कोणत्या विभागात येते त्याचा दाखला) आणि भाग नकाशा (आराखड्याच्या नकाशातला तुमच्या जागेपुरता भाग) लावा. मालकीची कागदपत्रं जोडणं कायद्यानेच सांगितलंय, ती नसली तर पालिकेला आयतं निमित्त मिळतं. बहिणी आहेत का? असतील तर त्यांच्या सह्या घ्या. एकट्या हितसंबंधिताची नोटीसही चालते, पण पुढे भावाबहिणींत बिनसलं की पालिकेचे वकील आधी तेच उकरतात. आराखड्याच्या आरक्षण यादीत या जागेसमोर समुचित प्राधिकरण म्हणून, म्हणजे ती जागा ज्यांनी संपादन करायची ते म्हणून, कोणाचं नाव आहे ते पाहा आणि पालिकेसह त्यांनाही नोटीस बजावा. स्पीड पोस्टाने पाठवा, शिवाय हातोहात देऊन शिक्का मारलेली पोच घ्या. २४ महिने बजावणीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही सही केलेल्या तारखेपासून नाही.

आणि ‘२००४ च्या सुमारास’ हे चालणार नाही. मंजुरीची तारीख वेगळी, राजपत्रातली वेगळी आणि आराखडा अमलात आल्याची वेगळी. लागते ती तिसरी. नगररचना कार्यालयातून अधिसूचनेची प्रत घ्या.

नोटीस गेली की पालिका बहुधा एक ठराव करेल आणि जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवेल. घाबरू नका. ठराव आणि पत्रव्यवहार म्हणजे कलम १२७ मधलं ‘पाऊल’ नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणातल्या २००७ च्या निकालात स्पष्ट केलंय. संपादनाची घोषणा राजपत्रात यावी लागते. २४ महिने पूर्ण होण्याआधीच सुधारित आराखडा अमलात आला, तर वाद होईल आणि निकालाची खात्री मी देत नाही. पण नोटीस त्याआधीची असेल तर वाद घालायला जागा तरी राहील.

आरक्षण व्यपगत झालं तरी शासनाने तसा आदेश राजपत्रात काढावा लागतो, आणि तो बहुधा उच्च न्यायालयात रिट याचिका केल्याशिवाय निघत नाही. सांगलीकरांना त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. अंतर कमी झालं, तारखा कमी होतील असं नाही. आरक्षण गेल्यावर जागेचा वापर शेजारच्या जमिनीला जो अनुज्ञेय आहे तोच राहतो. शेजारी रहिवास विभाग आहे की शेती विभाग, हे भाग नकाशात आजच पाहून ठेवा.

मोबदल्याऐवजी टीडीआरची, म्हणजे जागेच्या बदल्यात मिळणाऱ्या आणि दुसऱ्याला विकता येणाऱ्या बांधकाम हक्काची, गोष्ट पालिका काढेल. छोट्या गावात त्याला गिऱ्हाईक मिळेल का, याची चौकशी करूनच बोला.

राहिले ५ गुंठे. त्यांचा तुम्ही उल्लेखही केला नाही. साडेपाच हजार चौरस फुटांच्या आसपासची ही जागा आरक्षणाबाहेर आहे. मोजणीत आरक्षणाची हद्द दाखवून तेवढ्याच भागावर परवानगीचा प्रस्ताव टाका. घर तिथे बसत असेल तर ही सगळी लढाई चालू असतानाही बांधता येईल. फक्त रस्ता कुठून येतो ते आधी बघा. तो आरक्षित ९ गुंठ्यांतून येत असेल, तर प्रस्ताव तिथेच अडेल.