जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं चरित्र आणि त्याच्या संगीताचा अभ्यास एकाच पुस्तकात मिळेल का?

मिळेल. लुईस पोर्टर यांचं ‘जॉन कोल्ट्रेन : हिज लाइफ अँड म्युझिक’ (१९९८, मिशिगन विद्यापीठाचं प्रकाशन) घ्या. पोर्टर स्वतः पियानो वाजवतात, त्यामुळे ‘कोल्ट्रेनचं वादन आध्यात्मिक होतं’ एवढ्यावर ते भागवत नाहीत. कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ या अल्बमचा शेवटचा भागच बघा. त्यात गायन नाही. पण अल्बमच्या कव्हरवर छापलेली कोल्ट्रेनची प्रार्थना समोर धरून ऐकलं, की सॅक्सोफोन तीच कविता जवळजवळ अक्षर न् अक्षर ‘म्हणतोय’ हे कळतं. ‘थँक यू गॉड’ दर वेळी कसं खाली उतरून विसावतं, ते एकदा ऐकाच. आपल्या बंदिशीतले बोल सतारीवर ऐकण्याची सवय असलेल्याला हे पटकन उमगतं.

अडचण एकच : मधली बरीच पानं स्टाफ नोटेशनची (पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीची) आहेत, आणि नुसती भातखंडे लिपी येत असेल तर तिथे अडायला होतं. ती पानं वगळून वाचता येतं, पण मग निम्मी गंमत जाते. नोटेशन नकोच असेल, तर आधी रॉबिन केली या इतिहासकाराचं जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकवरचं चरित्र (२००९) वाचा. ते जाडजूड आहे, पण गोष्टीसारखं वाचत जाता येतं.