इंटेलवर शून्य, आर्मवर नॅन: टॉलरन्स वाढवण्याआधी हे तपासा

तुमची लक्षणं ओळखीची आहेत. इंटेल सर्व्हरवरचा सी++ प्रोग्रॅम ६४-बिट आर्म मशीनवर नेला, ऑप्टिमायझेशन बंद असताना आकडे तंतोतंत जुळतात, ‘ओ२’ (ऑप्टिमायझेशनची नेहमीची पातळी) लावलं की पंधराव्या-सोळाव्या अंकात फरक पडतो आणि एका वर्गमुळाच्या जागी थेट नॅन (‘ही संख्याच नाही’ ही खूण) येतो. ‘फ्लोटिंग पॉइंट असंच असतं, टॉलरन्स वाढवा’ हा जो सल्ला तुम्हाला मिळालाय, तो निदान आज तरी बाजूला ठेवा. टॉलरन्स (टेस्टमध्ये चालवून घेतला जाणारा फरक) वाढवलात तर टेस्ट हिरव्या होतील, नॅन तिथेच राहील.

(मी जीसीसी आणि क्लँग या कंपायलरपुरतं बोलतोय. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर असेल तर फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायचे पर्याय, वेगळे.)

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ या पाच क्रियांचं उत्तर आयईईई ७५४ या फ्लोटिंग पॉइंटच्या मानकाने १९८५ पासून शेवटच्या बिटापर्यंत ठरवून दिलंय. त्याच क्रिया, त्याच क्रमाने, त्याच राउंडिंगने केल्या तर इंटेल आणि आर्म वेगळं उत्तर देऊच शकत नाहीत. वेगळं आलं म्हणजे दोन्हीकडे चाललेल्या क्रियाच वेगळ्या होत्या, आणि त्या बहुतेक वेळा कंपायलरने बदललेल्या असतात.

तुमच्याकडे बदल एफएमएचा (फ्यूज्ड मल्टिप्लाय-ॲड) असणार. गुणाकार आणि बेरीज एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये, राउंडिंग दोनऐवजी एकदाच. ६४-बिट आर्मच्या मूळ इन्स्ट्रक्शन सेटमध्येच ती आहे. एक्स८६-६४ च्या (म्हणजे ६४-बिट इंटेलच्या) मूळ सेटमध्ये नाही. इंटेलने ती २०१३ च्या हॅसवेलमध्ये आणली, त्यामुळे साध्या बिल्डमध्ये कंपायलर ती वापरत नाही. जीसीसीचा डिफॉल्ट मात्र ‘एफपी-कॉन्ट्रॅक्ट=फास्ट’ आहे, म्हणजे जिथे एफएमए मिळेल तिथे न विचारता वापर. ‘ओ०’ला (ऑप्टिमायझेशन बंद) जुळतं आणि ‘ओ२’ला नाही, ही याचीच खूण.

नॅन कुठून येतो ते बघा. समजा कोड आहे ‘वर्गमूळ(एक्स×एक्स − वाय×वाय)’ आणि दोन्ही किमती ०.१. साध्या क्रियांनी दोन्ही गुणाकार सारखेच राउंड होतात, फरक शून्य, वर्गमूळ शून्य. एफएमए आली की एक गुणाकार आधी राउंड होतो (०.०१०००००००००००००००२) आणि दुसरा राउंड न होता पूर्ण किमतीने वजाबाकीत जातो. फरक उरतो सुमारे ८.३३ × १०^−१९. राउंड झालेला गुणाकार वजा होत असेल तर हा फरक ऋण येतो आणि वर्गमूळ नॅन. उलटं झालं तर फरक धन आणि वर्गमूळ साधारण ९.१ × १०^−१०. कोणता गुणाकार आधी राउंड करायचा हे कंपायलर ठरवतो! अशा ठिकाणी टॉलरन्स कशावर लावणार?

उपाय एका ओळीचा: दोन्ही मशीनच्या बिल्डमध्ये ‘-एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ’ उघडपणे लिहा. दोन्ही म्हणजे दोन्ही, फक्त आर्मच्या नाही. उद्या कुणीतरी इंटेलवर ‘-एमआर्च=नेटिव्ह’ (याच प्रोसेसरच्या सगळ्या इन्स्ट्रक्शन वापर) लावेल आणि तिथेही एफएमए सुरू होईल. हाच मुद्दा उलटा वापरता येतो: आर्म मशीन हाताशी नसेल तर इंटेल लॅपटॉपवर ‘-ओ२ -एमएफएमए’ लावून बिल्ड करा, बग बहुतेक तिथेच दिसेल. कॉन्ट्रॅक्ट ‘ऑफ’ केल्याने वेग थोडा कमी होईल. जिथे खरंच वेग लागतो त्या लूपमध्ये ‘एफएमए’ फंक्शन हाताने लिहा, म्हणजे दोन्हीकडे तेच होईल.

यात एक छुपा सापळा आहे. सी मध्ये ‘-एसटीडी=सी११’ दिलं की जीसीसी कॉन्ट्रॅक्शन (हीच एफएमएची जोडणी) आपोआप बंद करतो आणि ‘जीएनयू११’ दिलं की चालू ठेवतो. सी++ ला ही सवलत नाही. म्हणून एकाच प्रोजेक्टमधल्या सी आणि सी++ फाइल वेगळं वागू शकतात. क्लँगने १४ व्या आवृत्तीपासून ‘ऑन’ डिफॉल्ट केलंय, तिथे फक्त एका एक्स्प्रेशनच्या आत जोडणी होते. थोडक्यात, डिफॉल्टवर विसंबू नका. सोर्समध्ये प्रॅग्मा (कंपायलरसाठीची सूचना) टाकूनही भागत नाही, जीसीसीच्या बऱ्याच आवृत्त्या तो मनावरच घेत नाहीत.

फ्लॅग लागला का, हे मेकफाइल वाचून ठरवू नका. ऑब्जडंपने (बायनरीतल्या इन्स्ट्रक्शन दाखवणारं टूल) बायनरी उघडा आणि ‘एफमॅड’, ‘एफएमसब’, ‘एफएनएमसब’ शोधा. इंटेलवर ‘व्हीएफएम’ किंवा ‘व्हीएफएनएम’ने सुरू होणारी नावं. तुमच्या कोडमध्ये एकही सापडली नाही आणि तरी आकडे वेगळे आले, तर दोष बाहेरून आलेल्या लायब्ररीत शोधा.

आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. नाव घेत नाही, पण एका विक्रेत्याची बंद लायब्ररी ‘फास्ट-मॅथ’ने (वेगासाठी अचूकतेचे नियम सैल करणारा फ्लॅग) बिल्ड केलेली होती आणि हे कागदपत्रांत कुठेच नव्हतं. जीसीसी १३ च्या आधी अशी शेअर्ड लायब्ररी नुसती लोड झाली तरी एक्स८६ वर ती लोड करणाऱ्या थ्रेडचा फ्लश-टू-झीरो चालू व्हायचा, आणि पुढे निघणारे थ्रेड तो वारसा घेऊनच यायचे. तुमचा स्वतःचा कोड कितीही स्वच्छ असला तरी अतिसूक्ष्म संख्या गुपचूप शून्य! सपोर्टचं उत्तर काय, तर ‘एक्स्पेक्टेड बिहेव्हिअर’, तिकीट बंद. पुन्हा उघडलं की ‘तुमचा चिप बदलल्यामुळे असेल’. फ्लॅगची यादी मागितली तर ती गोपनीय. अशांशी वाद घालू नका, पुरावा द्या. डबलची (सी++ मधली ६४-बिट दशांश संख्या) सर्वांत लहान नॉर्मल, म्हणजे पूर्ण अचूकतेची, संख्या (२.२२५०७३८५८५०७२०१४ई-३०८) व्होलटाइल व्हेरिएबलमध्ये ठेवा, दोनने भागा, उत्तर शून्य आहे का बघा. लायब्ररी लोड करण्याआधी एकदा, नंतर एकदा. आधी शून्य नाही आणि नंतर शून्य, मग बोलायला जागाच उरत नाही. एमएक्ससीएसआर रजिस्टर (इंटेलवर ही सेटिंग तिथे असते) छापलंत तर आणखी बरं: एरवी ते १एफ८० असतं, फ्लश-टू-झीरो आणि त्याचा जोडीदार (आत येणाऱ्या अतिसूक्ष्म संख्यांना शून्य धरणारा) दोन्ही लागले की ९एफसी०.

साइन, एक्स्प, पाऊ या फंक्शनना मात्र हा न्याय लावू नका. त्यांचं अचूक राउंडिंग आयईईई सक्तीचं करत नाही. ग्लिबसी, मसल (लिनक्सवरच्या दोन सी लायब्ररी) आणि ॲपलची लायब्ररी शेवटच्या बिटात वेगळी असू शकतात. एवढंच नाही, ग्लिबसी एक्स८६-६४ वर चालताना प्रोसेसर बघून एफएमएवाली आवृत्ती निवडते, म्हणजे तीच बायनरी जुन्या आणि नव्या इंटेलवरही वेगळं सांगू शकते. तिथे बिट जुळायलाच हवेत तर फंक्शनचा सोर्स प्रोजेक्टमध्ये घ्या आणि स्वतःच्या फ्लॅगने बिल्ड करा. माझं मत विचाराल तर बहुतेकांना याची गरज नसते. अपवाद फक्त पैशाचे हिशेब आणि मल्टिप्लेअर गेम, आणि पैशाचे हिशेब मुळात डबलमध्ये असूच नयेत.

बाकी भराभर. ‘लाँग डबल’ वापरू नका: एक्स८६ लिनक्सवर ८० बिट, आर्म लिनक्सवर सॉफ्टवेअरने चालवलेले १२८, ॲपलच्या आर्मवर ६४. डबलचं इंटमध्ये रूपांतर करण्याआधी मर्यादा तपासा. नॅनचं ३२-बिट इंट इंटेलवर −२१४७४८३६४८ येतं आणि आर्मवर ०, आणि सी च्या नियमाने दोन्ही चालतं. ३२-बिट एक्स८६ अजून सांभाळावं लागत असेल तर ‘-एमएसएसई२ -एमएफपीमॅथ=एसएसई’ लावा. एक्स८७ चा (इंटेलचं जुनं, ८० बिटांचं फ्लोटिंग पॉइंट युनिट) कंट्रोल वर्ड ०२७एफ करून भागेल असं वाटतं, पण त्याने मँटिसा (अंकांचा भाग) ५३ बिटांची होते, एक्स्पोनंटची (घातांकाची) रुंदी तीच राहते. २०११ च्या सुरुवातीला पीएचपी एक दशांश संख्या वाचताना कायमचं अडकत होतं, तेही एक्स८७ च्या याच जादा अचूकतेमुळे.

लॉगची तुलना करताना एक गोष्ट: आर्मवर ‘नॅन’ आणि इंटेलवर ‘-नॅन’ छापलं गेलं तर घाबरू नका, इंटेल डिफॉल्ट नॅनचं चिन्ह-बिट चालू ठेवतं, गणित तेच असतं. बाकी आकडे १७ सार्थ अंकांत किंवा हेक्स फॉरमॅटमध्ये छापा. सहा अंकांचे लॉग जुळवून काही कळत नाही. ऑब्जडंपचं आउटपुट आणि कंपाइल करताना छापली जाणारी पूर्ण कमांड टाका, मग पुढचं बघू.