सोलापूर मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलतो. हर्निया होऊ नये म्हणून काय करावं?

आधी श्वास कोंडून जोर लावणं बंद करा. श्वास रोखला की पोटातला दाब एकदम वाढतो आणि जांघेत किंवा बेंबीपाशी पोटाची भिंत जिथे कच्ची असेल, तिथून आतडं बाहेर ढकललं जातं. गुडघ्यात वाकून पोतं अंगालगत धरा आणि उठता उठता तोंडाने श्वास सोडा. वळायचं तर पाय वळवा, कंबर पिळू नका. ५० किलोचं पोतं जमिनीवरून एकट्याने पाठीवर घेऊच नका, जोडीदाराचा हात लागलाच पाहिजे.

पट्टा बांधला की हर्निया होत नाही, यावर विसंबू नका. त्यापेक्षा जुना खोकला आणि बद्धकोष्ठता बरी करून घ्या, कारण संडासला रोज कुंथणं म्हणजे तोच दाब. विडी-सिगारेटही सोडा.

काहींची ही जागा जन्मतःच कच्ची असते, त्यामुळे सगळं पाळूनही हर्निया होऊ शकतो. जांघेत फुगवटा आला आणि आडवं झाल्यावर आत जात असला, तरी सर्जनला दाखवा, मालिश करत बसू नका. तो कडक झाला, आत जाईना, दुखू लागला, उलट्या झाल्या, तर मध्यरात्र असली तरी ताबडतोब सिव्हिल गाठा.