वाचकांचे प्रश्न : अनेक भाषा आणि गुप्ततेची अट

प्रश्न : मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी असून ‘कॅप्चर द फ्लॅग’ (संगणकातील कच्चे दुवे शोधून दडवलेला संकेत मिळवणे) प्रकारच्या सायबर सुरक्षा स्पर्धांत नियमित भाग घेते. मला चार भाषा चांगल्या वाचता येतात. भाषांतराची साधने इतकी सुधारल्यावर लष्करी सायबर विभागांना बहुभाषिक माणसांची गरज उरली आहे का? आणि तेथे नोकरी धरल्यास स्पर्धा सोडाव्या लागतात का?

उत्तर : गरज आहे, मात्र ती अस्खलित बोलणाऱ्यांपेक्षा बारकाईने वाचणाऱ्यांची अधिक आहे. मे 2017 मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने, म्हणजे संगणकातील फायली अडवून पैसे मागणाऱ्या प्रोग्रॅमने, खंडणीची मागणी 28 भाषांत केली होती. फ्लॅशपॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या अभ्यासकांनी ते मजकूर ताडून पाहिले, तेव्हा चिनी आणि इंग्रजी मजकूर माणसाने लिहिलेले, तर बाकीचे जवळजवळ सगळे इंग्रजीवरून यंत्राने उतरवलेले दिसले. चिनी लिहिणारा त्या भाषेत मुरलेला होता, इंग्रजीत मात्र व्याकरणाची ठळक चूक होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिका आणि ब्रिटनने हल्ल्याची जबाबदारी उत्तर कोरियावर टाकली. या दोन निष्कर्षांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, कारण मजकूर कोणी लिहिला आणि हल्ला कोणी घडवला हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पोलंडमधील बँकांवरील हल्ल्याशी जोडल्या गेलेल्या एका प्रोग्रॅममध्ये तर दिशाभूल करण्यासाठी रोमन लिपीतले रशियन शब्द पेरलेले आढळले, पण त्यांची रूपे अशी होती की जन्मापासून रशियन बोलणाऱ्याने ती तेथे वापरली नसती. यंत्राने त्या शब्दांचा अर्थ बिनचूक सांगितला असता आणि नेमका हा खोटेपणा त्याच्या नजरेतून सुटला असता.

स्पर्धेतून माणसे हेरण्याची रीतही जुनीच आहे. जानेवारी 1942 मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ या ब्रिटिश वृत्तपत्राने आपल्या कार्यालयात शब्दकोडे 12 मिनिटांत सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि त्यानंतर सहभागी झालेल्यांपैकी काहींना ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या युद्धकालीन गुप्त केंद्रातील सांकेतिक संदेश उकलण्याच्या कामासाठी बोलावणे आले. त्याच सुमारास बेडफर्ड येथे निवृत्त नौदल अधिकारी ऑस्वाल्ड टक यांनी प्रामुख्याने ग्रीक-लॅटिन शिकलेल्या तरुणांना सहा महिन्यांत लष्करी जपानी वाचायला शिकवले. हे काम दोन वर्षांखाली होणार नाही, असे जाणकारांचे मत होते. त्या तरुणांना जपानी संभाषण फारसे येत नव्हते आणि त्याची गरजही नव्हती.

आता गुप्ततेविषयी, कारण तुमच्या प्रश्नातला अवघड भाग तोच आहे. स्पर्धांचे जग सांगण्यावर चालते : कोडे सुटले की राइट-अप, म्हणजे ते कसे सोडवले याचा लेख, लिहायचा, म्हणजे दुसऱ्यांना मार्ग कळतो आणि आपलेही नाव होते. लष्करी कामात ही सवय उलटी करावी लागते. ब्लेचलीतील बहुतेकांनी 1974 पर्यंत घरच्यांनाही काही सांगितले नाही, आणि नावाहो या अमेरिकी आदिवासी भाषेतून संदेश पाठवणाऱ्या अमेरिकी मरीन सैनिकांचे कार्य 1968 पर्यंत गोपनीय होते. केवळ वैयक्तिक मौनापुरता हा विषय राहत नाही. सॉफ्टवेअरमधील सुरक्षेच्या त्रुटी शोधण्याच्या आणि त्या उत्पादकाला कळवण्याची पद्धत असलेल्या ‘प्वन टू ओन’ या स्पर्धेत चिनी संघ अनेक वर्षे आघाडीवर होते, पण सरकारने रोखल्यामुळे 2018 पासून त्यांचे परदेशी स्पर्धांना जाणे थांबले. 2021 च्या चिनी नियमांनुसार तर उत्पादनातील त्रुटी कळल्यापासून 48 तासांत उत्पादकाने ती सरकारला कळवणे बंधनकारक आहे.

म्हणून स्पर्धा सोडाव्याच लागतील असे नाही. एस्टोनियातील टॅलिन येथील नाटो-मान्य सायबर संरक्षण केंद्र 2010 पासून ‘लॉक्ड शील्ड्स’ हा सराव जवळजवळ दरवर्षी भरवते आणि त्यात लष्करी संघ उघडपणे उतरतात. फरक पडतो तो प्रसिद्धीत. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या : खासगी संघातून खेळता येईल का, राइट-अप आधी तपासणीसाठी द्यावा लागेल का, आणि फावल्या वेळेत सापडलेली त्रुटी कोणाच्या मालकीची ठरेल. माझ्या मते तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोघम मिळाले, तर सही लांबणीवर टाकावी.