दुखतंय नेमकं कुठं?

प्रश्न : ताई, माझं वय ४८. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि त्याची गियरची सायकल घरात पडून राहिली. तीन महिन्यांपासून ती मी चालवते, सकाळी सांगलीहून मिरजेपर्यंत जाऊन परत. पाच-सहा किलोमीटर झाले की सीटवर बसवत नाही. दुकानदार म्हणाला सीट कडक आहे, जेलचं कव्हर टाका. टाकलं. चार दिवस बरं वाटलं, आता आधीपेक्षा जास्त त्रास होतो. चांगली रुंद, मऊ सीट घ्यावी का? नरसोबाच्या वाडीला सायकलवरून जायचं फार मनात आहे. — एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘बसवत नाही’ असं लिहिलंय, पण दुखतं कुठं ते लिहिलेलं नाही. मला येणाऱ्या पत्रांत बायका ते लिहीतच नाहीत. ‘खाली दुखतं’, ‘त्रास होतो’, इथंच पत्र थांबतं. मीही तेच केलं होतं. २०१४ साली साताऱ्याहून कासला सायकलनं जायला लागले. २५ किलोमीटरचा चढ. वर पोचेपर्यंत पुढचा नाजूक भाग बधीर व्हायचा आणि घरी येऊन लघवीला बसलं की आग व्हायची. दुकानात पुरुष मंडळी, तिथं काय सांगणार? ‘सीट टोचते’ एवढंच म्हणाले. त्यांनी जाड, मऊ सीट बसवून दिली आणि माझं दुखणं दुप्पट झालं. शाळेत मुलींना पी.टी. शिकवणारी मी, शरीराबद्दल मोकळं बोला असं त्यांना सांगणारी, आणि स्वतः दोन वर्षं गप्प राहिले. त्या दोन वर्षांत सायकल जवळजवळ सुटलीच होती. म्हणून सांगते, आधी जागा ओळखा. अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

आज लाकडी खुर्चीवर बसा आणि दोन्ही तळवे बुडाखाली घाला. दोन टणक उंचवटे हाताला लागतील. ती बैठकीची हाडं. मांडी घालून जमिनीवर बसतो तेव्हा आपला भार त्यांच्यावरच असतो, आणि सायकलवरही तो तिथंच पडायला हवा. दुखणं या हाडांवरच असेल तर फार काळजी नको. सवय नसलेल्या जागेवर भार आला की ती ठणकतेच. एक दिवसाआड चालवा, दोन-तीन आठवड्यांत जागा सरावते.

पण दुखणं या हाडांच्या मधे किंवा पुढे असेल, मुंग्या येत असतील, तर ते सहन करायचं दुखणं नाही. त्या मधल्या भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. तिथं भार पडतोय याचा अर्थ सीट तुमच्या मापाची नाही, नाहीतर चुकीची बसवलीय.

मऊ सीटचा घोळ इथंच होतो. कापसाच्या जुन्या गादीवर गुडघा टेकवून पाहा. गुडघा आत जातो आणि बाजूचा कापूस फुगून वर येतो. जेलच्या कव्हरवर तुमची दोन हाडं अशीच आत रुततात आणि मधला जेल वर येऊन नेमका नाजूक भागावर दाबतो. दुकानात दोन मिनिटं बसून बघितलं तर छान वाटतं, अर्ध्या तासानं त्याचं खरं रूप कळतं. शिवाय त्या कव्हरनं तुमची बैठक बोटभर उंच झाली. म्हणजे पायडल खाली गेलं की तेवढं जास्त ताणून पोचावं लागतं, कंबर डावी-उजवी हलते आणि मांड्यांची आतली बाजू काचते. चार दिवसांनी त्रास वाढला तो यामुळेच असणार. कव्हर आजच काढा.

आता दुसरी गोष्ट. सायकल मुलाची आहे. सीट त्याच्या उंचीला लावलेली, हँडल त्याच्या हाताच्या लांबीवर. तुम्ही त्यावर बसून पुढे ओढल्या जात असणार आणि ओणवं झालं की भार हाडांवरून सरकून पुढे येतो. नवी सीट घेण्याआधी आहे ती नीट लावून घ्या. यात पैसा जात नाही, एक सकाळ जाते.

सायकल भिंतीला टेकवून बसा, चप्पल काढून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण टाच सुटता कामा नये. ही उंची बरोबर. चालवताना पायाचा चवडा पायडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत असं पुष्कळांना वाटतं आणि ते सीट फार खाली ठेवतात. मग पायांचा भार पायडलवर पडत नाही, सगळं ओझं बुडावर येतं. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय करा.

मग सीटची पातळी. माझे वडील गवंडी होते. त्यांची पाणसळ माझ्याकडे आहे, लाकडी, कडेला पितळेची पट्टी आणि मधे काचेच्या नळीत तो हिरवट बुडबुडा. एका रविवारी सहज ती सीटवर आडवी ठेवली. बुडबुडा सरळ पुढच्या टोकाकडे पळाला. म्हणजे टोक वर होतं. डोळ्यांना ते सपाटच दिसत होतं! दोन वर्षं त्या टोकानं मला दाबलं होतं आणि मी सीटच्या कापडाला दोष देत बसले होते. एलन कीनं, म्हणजे षट्कोनी चावीनं, खालचा बोल्ट सैल केला, टोक जरासं खाली घेतलं. सीटखालच्या पकडीला बारीक दाते असतात, एकेका दात्यानं कोन बदलतो, म्हणून थोडंच हलवा आणि बोल्ट पुन्हा पक्का आवळा. टोक फार खाली नेलं तर आपण पुढे घसरतो आणि तळहातांना मुंग्या येतात. पाणसळ घरात नसेल तर मोबाइलमध्ये पातळी दाखवणारं ॲप असतं, सीटवर पाठकोरी वही आडवी ठेवून त्यावर मोबाइल ठेवा.

वडिलांचा ओळंबाही याच कामाला येतो. पायडल समोर, जमिनीला समांतर ठेवून गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडायचा. दोरी पायडलच्या आसावर आली की सीट पुढे-मागे बरोबर आहे. हा काही ब्रह्मवाक्य नियम नव्हे, सुरुवात करायला चांगली जागा. ओळंबा म्हणून दोरीला किल्ली बांधली तरी चालते. आणि एवढं करूनही हात ताणलेलेच राहिले तर हँडल जवळ आणणारा आखूड स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, बसवून घ्या. सीटपेक्षा तो पुष्कळ स्वस्त पडतो.

हे सगळं करून दोन आठवडे चालवा. तरीही मधे दाब येत असेल तरच नवी सीट, आणि ती मापानं. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्या, जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवा. त्यावर पातळ कपड्यात बसा, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, थोडं पुढे झुका आणि पायरीच्या कडा दोन्ही हातांनी धरून स्वतःला खाली ओढा. अर्धा मिनिट पुरे. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नाही दिसले तर खडू आडवा धरून हलकेच फिरवा, खळगे कोरे राहतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. माझं १२८ मिलिमीटर भरलं. त्यात २० ते ३० मिलिमीटर मिळवा, ती सीटची रुंदी. जितकं ताठ बसून चालवता तितकं माप मोठं. मी १५५ची सीट घेतली. बाजारात १४३, १५५, १६८ अशा मापांच्या सीट मिळतात. साधारणपणे बायकांची ही हाडं पुरुषांपेक्षा एकमेकांपासून थोडी दूर असतात, तरी ‘लेडीज सीट’ या नावावर जाऊ नका, पुठ्ठ्यावर जा. बारीक चणीच्या बाईचं माप थोराड पुरुषापेक्षा जास्त निघालेलं मी पाहिलंय. मधे खाच किंवा पोकळी असलेली सीट तुम्हाला बहुधा मानवेल. मला मानली. दाबून पाहिलं तर ती कडकच लागेल, घाबरू नका.

कपड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. जीन्सची आणि लेगिंग्जची जाड शिवण नेमकी बसायच्या जागी येते. पॅडची शॉर्ट घ्या आणि आत दुसरं काही घालू नका, तिथंच लोक चुकतात. लाज वाटत असेल तर वरून सलवार घाला. मी पहिलं वर्षभर तेच केलं.

वाडी तुमच्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर. दत्ताचं दर्शन घ्या, घाटावर तासभर टेका आणि मग परत फिरा. गेल्यावर मला कळवा, आणि या वेळी दुखलं असेल तर कुठं ते लिहा.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा. ३०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, २० तासांच्या आत पूर्ण केली. शेवटच्या १०० किलोमीटरमध्ये पुढचा भाग पूर्ण बधीर झाला होता, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसाच. ग्रुपमधले म्हणतात सगळ्यांना होतं. — एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, सगळ्यांना होतं म्हणून ते बरं ठरत नाही. दिवसभर टिकणारा बधीरपणा म्हणजे नस दबली होती. आधी डॉक्टरांना दाखवा, तोवर लांबची राइड नको. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना हाच त्रास होता. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं त्यांना पुढचं टोक नसलेल्या सीट देऊन पाहिल्या आणि सहा महिन्यांत बधीरपणा पुष्कळ कमी झाला. तुम्हाला टोकच नको असं नाही, पण आखूड टोकाची, मधे पोकळी असलेली सीट पाहा. टोकाची पातळी तपासा आणि हँडल थोडं वर घ्या. चालवताना दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभं राहायचं, वीस-तीस आकडे मोजेपर्यंत. रात्री थकवा आला की हेच विसरतं, म्हणून घड्याळात गजर लावा. ब्रेव्हे पुन्हा करता येईल.

प्रश्न : आजोबांच्या काळातली चामड्याची सीट मिळालीय. चिपळूणच्या पावसात टिकेल का? आणि ती इतकी कडक असूनही लोक तिचं कौतुक का करतात? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : कोल्हापुरी चपलेचं जे कौतुक, तेच हिचं. नवी चप्पल चावते, महिना-दोन महिन्यांत पायाचा आकार घेते आणि मग दुसरी कुठलीच नको वाटते. चामड्याची सीट तशीच बैठकीचा आकार घेते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्रूक्स कंपनीनं १८८२ साली अशा सीटचं पेटंट घेतलं आणि त्यांची बी-१७ नावाची सीट आजही निघते. हिच्यात फोम नसतो. चामडं पुढच्या टोकापासून मागच्या पट्टीपर्यंत झोळीसारखं ताणलेलं असतं, म्हणून मधे हवा खेळते.

मात्र तुमच्या सीटनं आकार घेतलाय तो आजोबांच्या बैठकीचा. तुम्हाला ती जमेलच असं नाही. सावकाश वापरून पाहा. चामडं कोरडं, चिरलेलं असेल तर सीटचं मेण खालून-वरून चोळा. खोबरेल किंवा दुसरं तेल ओतू नका, चामडं मेणचट होऊन मधे लोंबतं. टोकाखाली ताण द्यायचा नट असतो, तो एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. आणि चिपळूणच्या पावसात ही सीट बाहेर काढूच नका. भिजलेल्या चामड्यावर बसलं की ते ताणतं आणि पुन्हा जागेवर येत नाही. चुकून भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ नको. जून ते सप्टेंबर साधी सीट लावा, आजोबांची कापडात गुंडाळून हवेशीर ठेवा, आठवड्यानं बुरशी पुसत जा.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, शाळेसाठी सायकल मिळाली. चार किलोमीटर जाते. सीट सगळ्यात खाली केली तरी तिचे पाय नीट पोचत नाहीत, मांड्या काचतात. — एक पालक, माण तालुका

उत्तर : मांड्या काचतात त्या सीटमुळे नाही, उंचीमुळे. पाय पोचत नसल्यानं पोर दोन्ही बाजूंना घसरत पायडल मारते. गावातल्या सायकलवाल्याकडून सीटखालची नळी खालून कापून आखूड करता येते का ते बघा. बऱ्याचदा नळी आतल्या बाजूला टेकल्यामुळे सीट आणखी खाली जात नाही. स्प्रिंगची उंच सीट असेल तर ती काढून पातळ सीट बसवली तरी तीन-चार सेंटिमीटर मिळतात. काचलेल्या जागी रोज खोबरेल लावा, घामट सलवार शाळेतून आल्यावर लगेच बदलू द्या. तिलाही विचारा कुठं काचतं ते, आईनं विचारलं की मुली सांगतात.

दर सहा महिन्यांनी सीट वर घ्यायला विसरू नका, या वयात मुली भराभर वाढतात. वर घेताना नळी निदान चार बोटं फ्रेमच्या आत राहिली पाहिजे. नव्या नळीवर तशी रेघ कोरलेली असते, पण तुम्ही नळी खालून कापली असेल तर त्या रेघेवर विसंबू नका. नळी बाहेर काढून प्रत्यक्ष मोजा आणि पक्क्या रंगानं नवी खूण करून ठेवा.