शॉकअपचं फक्त वरचं माउंटिंग बदललं तर चालतं का? की पूर्ण शॉकअपच घ्यावा?

प्रश्नात लिहिलंय की खड्ड्यातून हळू जाताना समोर डावीकडे ‘खट’ वाजतं, मेकॅनिक दोन्ही शॉकअप बदला म्हणतो, आणि तुम्हाला फक्त वरचं माउंटिंग घरी बदलायचंय. चालतं. शॉकअपच्या दांड्यावर ओलं तेल नसेल, बोनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी झुलत राहत नसेल, तर चांगला शॉकअप फेकायचं काही कारण नाही. माउंटिंग म्हणजे रबर, त्याच्या खाली बेअरिंग. दोन्ही झिजायच्याच वस्तू आहेत.

पण आधी आवाज तिथूनच येतोय याची खात्री करा. असा ‘खट’ बऱ्याचदा लिंक रॉडचा (अँटी-रोल बारला शॉकअपशी जोडणारी छोटी दांडी) निघतो. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडून, नीट बांधून, हळू एक चक्कर मारा. आवाज गेला तर माउंटिंगला हात लावू नका. आवाज राहिला तर बोनेट उघडून एकाला उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवायला सांगा आणि स्प्रिंगवर नुसती बोटं टेकवा, वेटोळ्यांच्या मधे घालू नका. बेअरिंग अडकलं असेल तर स्प्रिंग पिळत जाते आणि एकदम ‘टण्ण’ करून सुटते, ते बोटांना स्पष्ट कळतं. अशा गाडीचं स्टेअरिंग वळणानंतर आपोआप सरळही होत नाही. बेअरिंग ठीक आणि रबर फाटलेलं असेल तर गाडी दाबून सोडताना मधला नट (माउंटिंगच्या मधोमध, दांड्याच्या टोकावरचा) टॉवरच्या, म्हणजे बॉडीच्या ज्या भागाला माउंटिंग बसतं त्याच्या तुलनेत वरखाली उडी मारताना दिसतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मधला नट इम्पॅक्ट गनने (झटके देत नट फिरवणारं मशीन) सोडायचा आणि गननेच आवळायचा, ही सवय मला मान्य नाही. ‘इतकी वर्षं असंच करतोय, काय बिघडलं?’ असं म्हणणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. बिघडतं ते असं. दांड्याला वरच्या टोकाजवळ एक खांदा असतो. माउंटिंगची आतली लोखंडी बुशी त्या खांद्यावर (काही गाड्यांत मधे वॉशर किंवा स्प्रिंग सीट असते) बसते आणि वरून नट तिला दाबून धरतो. ही बुशी दोन्हीकडून पक्की दाबली गेली तरच हालचाल रबरात होते. नट सेल्फ-लॉकिंग असतो, त्यातलं नायलॉन आट्यांना घट्ट धरतं. गन मारली की नटाबरोबर दांडाही गरगर फिरतो, नट थांबल्यासारखा वाटतो, गनवाला म्हणतो ‘झालं’. बुशी मात्र अजून सैल असते. नवीन माउंटिंग घालूनही तोच ‘खट’ परत येतो आणि दोष पार्टवर जातो, ‘डुप्लिकेट निघालं’ म्हणून. उलटंही होतं: दांडा एकदा धरला गेला की गन आटे खाऊन टाकते, आणि मग खरंच नवा शॉकअप घ्यावा लागतो. शिवाय आतलं पिस्टन-सील त्या वेगाने फिरायला बनवलेलं नाही.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे, पण दुसरी नाही. दांड्याच्या टोकाला ॲलन कीचं भोक किंवा दोन सपाट बाजू असतात. दांडा त्यावर धरायचा आणि नट वाकड्या मानेच्या रिंग पान्याने फिरवायचा. शेवटचा टॉर्क द्यायला आरपार भोक असलेली गोटी (सॉकेट) मिळते, तिच्यातून ॲलन की आत जाते आणि टॉर्क रेंच बाजूने लागतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा आकडा 40 ते 70 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचाच धरा. नट दर वेळी नवीन. आणि दांड्याचा चकचकीत भाग पक्कडीने कधीच धरू नका. तिथला एक ओरखडा दर वरखालीला सील कापतो आणि शॉकअप गळायला लागतो.

बाकीचं काम सरळ आहे. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर शॉकअपच्या क्लिपमधून सोडवा. शॉकअप आणि नकलचे (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्ट काढण्याआधी पेंटने रेघ मारा, कारण भोकं लांबट असतील तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) तिथेच ठरतो. बोल्टच्या डोक्याखाली बहुतेक वेळा दाते असतात, म्हणून बोल्ट धरून नट फिरवायचा. नकल सुटला की तारेने बांधा. तो बाहेर लोंबला तर ॲक्सलचा आतला जॉइंट निसटू शकतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो. मग टॉवरवरचे बाहेरचे नट काढा, शेवटचा नट काढताना खालून शॉकअप धरा. मधल्या नटाला इथे हात लावायचा नाही. स्प्रिंग दाबून धरणारी शेवटची गोष्ट तोच आहे.

स्प्रिंग कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंना समोरासमोर, शक्य तितकी वेटोळी पकडून, हाताने आळीपाळीने आवळा. एका बाजूने जास्त घेतलं तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हुक सरकतो. स्प्रिंग वरच्या सीटवर हाताने फिरली की पुरे, तेव्हाच मधला नट काढा. तोंड आणि छाती दांड्याच्या रेषेत नको.

जोडताना क्रम: बम्प स्टॉप (दांड्यावरचा धक्का झेलणारा ठोकळा), डस्ट कव्हर, स्प्रिंग, वरची सीट, बेअरिंग, माउंटिंग, वॉशर, नट. गाडीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून काढतानाच फोटो घ्या. बेअरिंग उलटं बसवलं तर बसतं, पण स्टेअरिंग जड होतं आणि लवकरच परत आवाज येतो. स्प्रिंगचं खालचं टोक सीटच्या पायरीला टेकलं पाहिजे. पायरीवर चढलं तर कॉम्प्रेसर सोडताना ‘धाड’ होतं आणि गाडी एका बाजूने उंच दिसते. माउंटिंगवर बाण किंवा खूण असेल तर ती काढताना ज्या दिशेला होती त्याच दिशेला ठेवा.

दोन्ही बाजू एकदमच करा. माउंटिंग नवीन घालून बेअरिंग जुनंच ठेवणं म्हणजे तेच काम दोनदा करणं. बम्प स्टॉप चुरगळला असेल तर तोही आत्ताच बदला. शेवटी थोडी गाडी चालवून अलाइनमेंट करून घ्या. रेघेवर रेघ जुळली तरी टो (समोरच्या चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) बदललेला असू शकतो.

आणि हो, हे सगळं नकलला दोन बोल्ट असलेल्या मॅकफर्सन स्ट्रटबद्दल (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेली रचना) आहे. शॉकअप नकलच्या कॉलरमध्ये खोवलेला असेल तर कॉलर फाकवायचं टूल लागतं, हातोड्याने ठोकून तो निघत नाही. दांड्यात वायर गेलेली असेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शॉकअप असेल, तर तिचा कनेक्टर आधी काढा. आणि हुक झिजलेला भाड्याचा कॉम्प्रेसर मिळाला तर शॉकअप काढून वर्कशॉपच्या भिंतीवरच्या कॉम्प्रेसरवर घेऊन जा, तेवढंच काम करून मागा. फक्त मधला नट आवळायच्या वेळी तिथेच उभे राहा.